कोळंबीचं हृदय डोक्यात!

डोक्याचं ऐकावं की मनाचं, हा पेच कोळंबीला कधी पडत नसणार. मुंडकं म्हणून आपण जे पिरगाळून टाकतो, त्यातच तिचा मेंदू, त्यातच हृदय, पोटही तिथेच. मागे उरतं ते जवळपास निव्वळ स्नायू, आणि आपण ताव मारतो तो त्याच्यावर. डोक्यासकट किलोभर आणा, सोलून हाती जेमतेम निम्मी लागते. भाव करताना हे ध्यानात ठेवा!

मुंडकं काढायची घाई का? त्यातल्या ग्रंथीतले पाचक रस कोळंबी मेल्यावरही थांबत नाहीत. मग मुंडक्याकडून मांस मऊ पडत जातं. ससून डॉकवर कोळंबी सोलायला बसलेल्या बायकांचे हात बघा. एक पीळ, मुंडकं बाजूला. अंगठा पोटाखाली, टरफल बाहेर. तोवर पुढची हातात आलेली असते.

पाठीवरचा काळा दोरा म्हणजे तिचं आतडं, आत शेवटचं जेवण. पोट रिकामं असेल तर दोरा दिसतही नाही. तो खाल्ल्याने विषबाधा होत नाही, पण मोठ्या कोळंबीत वाळू कचकचते. टरफलासकट भाजायची असेल तर पाठीवरच्या सांध्यातून टूथपिक घालून हलकेच उचला. दोरा बहुतेक वेळा अख्खा येतो. पोटाकडचा पांढुरका धागा मात्र मज्जातंतूचा, तो राहू दे. आणि जवळा? तो आतड्यासकटच पोटात जातो, तिथे कुणाची स्वच्छता आड येत नाही.

सोलताना हात लाल होत नाहीत, कारण कोळंबीच्या रक्तात लोहाऐवजी तांबं असतं. प्राणवायू मिळाला की ते निळसर दिसतं. शिजल्यावरचा केशरी रंगही मसाल्याची करामत नव्हे. तो कच्च्या कोळंबीतही असतो, फक्त प्रथिनाने जखडलेला. आच लागली की सुटतो.

टरफलावर काळे डाग दिसले म्हणून लगेच नाक मुरडू नका. कापलेलं सफरचंद काळवंडतं, तसाच हा प्रकार. निकाल वासावर लावा. अमोनियासारखा भपकारा आला तर मुकाट्याने परत.

साध्या हिवसपणावर कोकमाचं आगळ किंवा लिंबू चालतं, कारण वास आणणारी द्रव्यं अल्कधर्मी आणि आंबट त्यांना दाबतं. पण लिंबात तासभर विसरलात तर गॅस न पेटवताच मांस पांढरं आणि घट्ट होईल. शिजायलाही मध्यम कोळंबीला ३-४ मिनिटं पुरे. अर्धगोल वळली की उतरवा; पूर्ण वेटोळं झालं की चावत बसा.

टरफलं-मुंडकी फेकायच्या आधी चमचाभर तेलात परता, पाणी घालून पंधरा-वीस मिनिटं उकळा, गाळा आणि कालवणात ओता. तेवढा वेळ नसेल तर पिशवीत घट्ट बांधून फ्रीजरमध्ये टाका आणि घंटागाडी आली की मगच बाहेर काढा. शेजारी दुवा देतील.