रक्तस्रावाच्या आजारातही गुठळ्यांचा धोका. आतड्यांचा दाह असलेल्या रुग्णांनी काय जाणून घ्यावे

शौचावाटे रक्त जात असलेल्या रुग्णाला रक्त गोठू न देणारे इंजेक्शन देण्याचे डॉक्टरांनी सुचविले, की नातेवाइकांच्या मनात शंका येणे स्वाभाविक आहे. आतड्यांच्या दाहक आजारात मात्र हा सल्ला रुग्णाचे प्राण वाचविणारा ठरू शकतो.

अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स हे या गटातील दोन प्रमुख आजार होत. सर्वसामान्य व्यक्तींच्या तुलनेत या रुग्णांच्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे २ ते ३ पट अधिक असतो. आजार बळावलेला असताना तो आणखी वाढतो. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील बार्गेन आणि बार्कर या डॉक्टरांनी १९३६ मध्येच या गुंतागुंतीकडे लक्ष वेधले होते.

याचे मूळ दाहात आहे. रक्तवाहिनीच्या अस्तराला झालेली इजा, मंदावलेला रक्तप्रवाह आणि रक्ताची गोठण्याची वाढलेली प्रवृत्ती ही गुठळीची तीन कारणे मानली जातात. जर्मन वैद्यकशास्त्रज्ञ रुडॉल्फ विरशो यांच्या नावाने हे त्रिकूट ओळखले जाते. आतड्यांच्या दाहात ही तिन्ही कारणे एकत्र येतात. दाह वाढविणारी रसायने रक्तात मिसळून अस्तराला हानी पोहोचवितात. प्लेटलेट्स आणि फायब्रिनोजेनचे प्रमाण वाढते. तर अशक्तपणामुळे रुग्ण अंथरुणाला खिळतो. जुलाबांमुळे शरीरातील पाणी घटते, तेव्हा रक्त अधिक दाट होते. शस्त्रक्रिया, स्टेरॉइड औषधे आणि इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या यांमुळेही धोका वाढतो.

बहुतेक वेळा गुठळी पायातील खोल शिरेत होते. एकाच पायाला सूज येणे, पोटरी दुखणे, त्वचा गरम किंवा लालसर होणे ही तिची लक्षणे होत. तेथून सुटलेली गुठळी फुप्फुसात अडकल्यास अचानक धाप लागते, छातीत दुखते, क्वचित खोकल्यातून रक्त पडते. मेंदूतील शिरेत गुठळी झाल्यास तीव्र डोकेदुखी, दृष्टिदोष किंवा झटके येऊ शकतात. अशा वेळी घरी वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठणे आवश्यक आहे.

आजार बळावून रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णांना प्रतिबंधक मात्रेत हेपरिन देण्याची शिफारस तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये करण्यात आली आहे. शौचावाटे होणारा सौम्य किंवा मध्यम रक्तस्राव त्यास अडथळा मानला जात नाही. रक्तस्राव गंभीर असल्यास पायांवर ठरावीक अंतराने दाब देणाऱ्या उपकरणाचा पर्याय असतो.

पुरेसे पाणी, शक्य तितकी हालचाल आणि मूळ आजारावर नियंत्रण ही प्रतिबंधाची मुख्य साधने होत. यापूर्वी स्वतःला किंवा कुटुंबात कुणाला गुठळी झाली असल्यास ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. रक्त पातळ करणारी औषधे मात्र स्वतःहून सुरू किंवा बंद करू नयेत.