काच, शिसं आणि हक्काची भट्टी

फ्रीलान्सरचं दुखणं फ्रीलान्सरलाच कळतं. काम मिळतं हो, पण त्यासाठी लागणारी महागडी साधनं आणायची कुठून? माझा एक फोटोग्राफर मित्र लाइट्स भाड्याने आणतो, एक मैत्रीण रात्रीच्या स्वस्त रेटमध्ये एडिटिंग उरकते. म्हणूनच मेरी लाउंड्सबद्दल वाचलं आणि मी तिची फॅनच झाले. बाईंनी हा प्रश्न १८९७ साली, लंडनमध्ये सोडवला होता!

मेरी स्टेन्ड ग्लास आर्टिस्ट. जन्म १८५६चा, वडील चर्चमध्ये धर्मगुरू. स्लेड आर्ट स्कूलमध्ये शिकून ती हेन्री हॉलिडे या नावाजलेल्या कलाकाराची असिस्टंट झाली. तेव्हा चर्चच्या खिडक्या म्हणजे चक्क फॅक्टरीचा माल होता. एकाने चित्र काढायचं, दुसऱ्याने काच कापायची, तिसऱ्याने रंगवायची. चित्र काढणाऱ्याचा काचेला हातही लागायचा नाही. ‘आर्ट्स अँड क्राफ्ट्स’वाल्यांचा राग नेमका यावरच होता. ख्रिस्तोफर व्हॉल हा त्यांचा गुरू. त्याचं म्हणणं सरळ होतं: ज्याचं डिझाइन, त्यानेच काच निवडावी, रंगवावी आणि भट्टीतून निघेपर्यंत तिच्यावर नजर ठेवावी.

ऐकायला झकास! पण भट्टी घरात कशी ठेवणार? शिवाय काचेचे शेकडो तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवायचे, सांधे डाख द्यायचे, फटींत सिमेंट भरायचं. त्याला तयार कारागीर लागतात. बड्या फर्मकडे हे सगळं असायचं, एकट्या आर्टिस्टकडे नाही. बाई असेल तर बघायलाच नको.

मेरी साउथवर्कमधल्या ‘ब्रिटन अँड गिल्सन’ या काचवाल्यांकडे कामाला जायची. ही फर्म जाड, ओबडधोबड काच बनवायची. मधे जाड, कडेला पातळ, त्यामुळे एकाच तुकड्यात रंग गडद-फिका खेळतो. तिथला आल्फ्रेड ड्रुरी हा मुरलेला कारागीर. दोघांनी नोकरीला रामराम ठोकून ‘लाउंड्स अँड ड्रुरी’ काढली. आयडिया साधी: कुणीही स्वतंत्र आर्टिस्टने आपलं काम घेऊन यावं, भट्टी आणि कारागीर इथले वापरावेत, खिडकी मात्र त्याच्या स्वतःच्या नावाची. १९०६मध्ये फुलहॅमच्या लेटिस स्ट्रीटवर त्यांनी खास इमारतच बांधली, ‘द ग्लास हाउस’. आजच्या को-वर्किंगवाल्यांनी नोंद घ्यावी!

इथे बायका मोठ्या संख्येने आल्या. मार्गारेट रोप, विल्हेल्मिना गेडिस, कॅरोलाइन टाउन्झेंड... टाउन्झेंडची एक खिडकी तर सिनेमात शोभेल. नाटककार बर्नार्ड शॉने १९१०मध्ये ती डिझाइन केली. त्यात शॉ स्वतः ऐरणीवर ठेवलेल्या पृथ्वीवर घण घालतोय आणि लेखक एच. जी. वेल्स नाकाला अंगठा लावून सगळ्यांना वेडावतोय! १९७८मध्ये ही खिडकी चोरीला गेली, पुढे अमेरिकेत सापडली आणि २००६पासून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आहे.

मेरी मात्र चर्चच्या खिडक्यांवर थांबली नाही. १९०७मध्ये तिने ‘आर्टिस्ट्स सफ्रेज लीग’ उभी केली. बायकांच्या मतदानहक्कासाठी पोस्टर्स आणि बॅनर्स करणारी ही आर्टिस्ट मंडळी. तिची आयुष्यभराची साथीदार बार्बरा फोर्ब्ज लीगची सेक्रेटरी. १३ जून १९०८च्या लंडनमधल्या मोर्चासाठी लीगने सत्तरच्या वर बॅनर्स केले. हजारो बायका रस्त्यावर आणि डोक्यावर जेन ऑस्टिन, फ्लॉरेन्स नाइटिंगेल, मेरी क्युरी अशी नावं. घोषणा कमी, नावं जास्त. मला हा सगळा प्रकार जबरदस्त वाटतो! बॅनर्सची डिझाइन्स बघितलीत तर खिडकीवाली बाई लगेच ओळखू येते. ठसठशीत रंगांचे मोठे पट्टे, ठाम कडा, लांबूनही वाचता येईल असं. त्या डिझाइन्सचा तिचा अल्बम, कापडाचे नमुने चिकटवलेला, आजही जपून ठेवला आहे.

ब्रिटनमध्ये बायकांना पुरुषांइतकाच मतदानाचा हक्क मिळाला १९२८मध्ये. मेरी गेली १९२९मध्ये. तिच्या वडिलांचं चर्च डॉर्सेटमधल्या स्टर्मिन्स्टर न्यूटन गावात आहे. इंग्लंडच्या ट्रिपमध्ये एक दिवस मोकळा असेल तर तिकडे वाट वाकडी करा. मेरीच्या खिडक्या तिथे बघायला मिळतील. जाल तर सकाळीच जा, ऊन हवं.