वापरलेला लहान ट्रॅक्टर (निवड)

वापरलेला लहान ट्रॅक्टर म्हणजे पूर्वी एका किंवा अधिक मालकांनी चालविलेला, साधारणतः ३० अश्वशक्तीपर्यंतचा, फळबाग, द्राक्षबाग, भाजीपाला व लहान शेतजमिनीच्या मशागतीसाठी पुन्हा विकला जाणारा ट्रॅक्टर होय. महाराष्ट्रात यास 'मिनी ट्रॅक्टर' किंवा 'छोटा ट्रॅक्टर' म्हणतात. पाश्चात्त्य देशांत घराभोवतीची हिरवळ कापण्यासाठी वापरले जाणारे हिरवळ-ट्रॅक्टर याहून वेगळे असतात. त्यांना बहुधा तीन-बिंदू जोडणी नसते व ते नांगरटीसाठी घडविलेले नसतात.

२०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी वहिवाट क्षेत्र १.३४ हेक्टर, म्हणजे सुमारे सव्वातीन एकर होते. एवढ्या जमिनीवर नव्या ट्रॅक्टरचे कर्ज फेडणे कठीण जात असल्याने वापरलेल्या यंत्राकडे शेतकऱ्याचा ओढा असतो. निवड चुकल्यास मात्र बचतीचा पैसा दुरुस्तीत जातो आणि हंगामही हातचा निसटतो.

गरजेचे मोजमाप

ट्रॅक्टर पाहण्यापूर्वी कामांची यादी करणे आवश्यक ठरते. आंतरमशागत, फवारणी, रोटाव्हेटर चालविणे, ट्रॉली ओढणे ही कामे लहान ट्रॅक्टर करू शकतो. भारी काळ्या जमिनीची खोल नांगरट हे त्याचे काम नव्हे. ती मोठा ट्रॅक्टर भाड्याने आणून करून घेणे हितावह असते. लहान यंत्रावर असा भार सतत टाकल्यास क्लच व इंजिन लवकर झिजते.

बागेतील दोन ओळींमधील अंतर हा दुसरा निकष होय. द्राक्षबागेत हे अंतर साधारण ८ ते १० फूट असते. परंतु फांद्या, मांडवाचे खांब व ठिबकच्या नळ्या यांमुळे प्रत्यक्ष मोकळी वाट त्याहून अरुंद असते. म्हणून यंत्राची व अवजाराची एकूण रुंदी आणि वळण घेण्यास लागणारी जागा फीत लावून मोजावी लागते.

या गटातील महिंद्रा युवराज २१५ व स्वराज ७१७ ही १५ अश्वशक्तीची एक-सिलिंडर यंत्रे आहेत, तर कुबोटा निओस्टार बी२४४१ हे २४ अश्वशक्तीचे तीन-सिलिंडर यंत्र चारही चाकांना गती देणारे आहे. एक-सिलिंडर यंत्राची रचना साधी असते, पण कंप अधिक जाणवतो. उतारावर व ओल्या जमिनीत चारचाकी गती उपयोगी पडते. मात्र तिच्या पुढच्या धुऱ्याची दुरुस्ती खर्चिक असते. कोणत्याही नाममुद्रेपेक्षा जवळच्या बाजारपेठेत तिचे सुटे भाग व जाणकार मिस्त्री मिळतो का, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा होय.

विकत की भाड्याने

निर्णयापूर्वी तासाचा खर्च काढावा. उदाहरणार्थ, २,००,००० रुपयांस घेतलेला ट्रॅक्टर पाच वर्षांनी १,२०,००० रुपयांस विकला जाईल असे मानल्यास वर्षाची घट १६,००० रुपये होते. दुरुस्ती व विम्याचे १४,००० रुपये धरल्यास वार्षिक खर्च ३०,००० रुपये होतो. वर्षाकाठी काम १०० तास असेल, तर डिझेल व चालकाची मजुरी सोडून तासाला ३०० रुपये पडतात; काम ५० तासच असेल, तर ६०० रुपये. हे आकडे केवळ रीत समजावी म्हणून कल्पिलेले आहेत. आलेली रक्कम गावातील भाड्याच्या दराशी ताडून पाहिल्यास खरेदी परवडते की नाही हे कळते. वेळेवर फवारणी झाली नाही तर जाणारे पीक ही मात्र या हिशेबाबाहेरची, परंतु खरी बाब आहे.

यांत्रिक तपासणी

तपासणी इंजिन थंड असतानाच सुरू करावी. खरेदीदार येण्यापूर्वीच इंजिन तापवून ठेवले असेल, तर थंडीत ते कसे सुरू होते हे कळत नाही.

धूर : सुरू होताना क्षणभर काळा धूर येणे स्वाभाविक आहे. भाराविना सतत काळा धूर येत असल्यास हवा-गाळणी तुंबलेली किंवा इंधनाची फवारणी बिघडलेली असू शकते. निळसर धूर तेल जळत असल्याचे दर्शवितो. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहिल्यास अपूर्ण ज्वलन, कमी दाब किंवा सिलिंडरमध्ये पाणी जाणे यांचा संशय घ्यावा.

तेल व पाणी : तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी मिसळले आहे. रेडिएटरमधील पाण्यावर तेलाचा तवंग असणे हेही गंभीर लक्षण होय. चालू इंजिनाच्या तेल भरण्याच्या तोंडातून जोराने वाफारा येत असल्यास पिस्टनच्या कड्या झिजलेल्या असतात.

क्लच : मोकळ्या जागेत ब्रेक पूर्ण दाबून, वरच्या गियरमध्ये क्लच हळूहळू सोडल्यास इंजिन बंद पडावयास हवे. ते चालूच राहिल्यास क्लच घसरत आहे.

हायड्रॉलिक : रोटाव्हेटरसारखे जड अवजार जोडून वर उचलावे व इंजिन बंद करावे. अवजार भराभर खाली येत असल्यास आतून गळती असते. उचललेल्या अवजाराखाली कोणीही जाऊ नये.

धुरा व ब्रेक : भाताच्या चिखलणीत वापरलेल्या ट्रॅक्टरच्या धुऱ्याच्या सीलमधून व ब्रेकमध्ये चिखलपाणी शिरलेले असण्याचा संभव असतो. पुढचे चाक उचलून हलविल्यास बेअरिंग व किंगपिनची झीज हाताला कळते.

तासमापक : तासमापक बंद असू शकतो किंवा बदललेला असू शकतो. म्हणून पायाच्या पट्ट्यांवरील रबर, जोडणीच्या पिना व त्यांची लांबट झालेली भोके यांवरून खऱ्या वापराचा अंदाज घ्यावा. नवा रंग हा चांगल्या स्थितीचा पुरावा नव्हे. रंगाखाली भेग किंवा वेल्डिंग झाकलेले असू शकते.

कागदपत्रे

नोंदणी प्रमाणपत्रावरील चेसिस व इंजिन क्रमांक यंत्रावरील क्रमांकांशी अंकशः जुळवावेत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार मालकी बदलाची नोंद परिवहन कार्यालयात करावी लागते. त्यासाठी नमुना २९ व ३० वापरले जातात. कर्जाचा बोजा असल्यास तो उतरविण्यासाठी नमुना ३५ आणि कर्जदात्याची संमती लागते. ट्रॅक्टर परराज्यातील असल्यास मूळ कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र आवश्यक असते. खासगी नोंदणीची मुदत १५ वर्षांची असते व पुढे तिचे नूतनीकरण करावे लागते. विमाही नव्या मालकाच्या नावे करून घ्यावा. केवळ मुद्रांकावर लिहून घेतल्याने सरकारी नोंदीतील मालक बदलत नाही. अपघात झाल्यास या त्रुटीची झळ विकणाऱ्यास व घेणाऱ्यास, दोघांसही बसू शकते.

सुरक्षितता

पीटीओ दांडा सामान्यतः मिनिटास ५४० फेरे, म्हणजे सेकंदास ९ फेरे फिरतो. साडीचा पदर, धोतर किंवा उपरणे त्यात अडकल्यास सोडविण्यास वेळच मिळत नाही. जुन्या यंत्रावरील पीटीओचे आवरण अनेकदा काढून टाकलेले असते. ते नसल्यास वापरापूर्वी बसवून घेणे अत्यावश्यक आहे. बांधावर किंवा उतारावर ट्रॅक्टर उलटण्याचा धोका असल्याने संरक्षक चौकट व सीटपट्टा असलेल्या यंत्रास प्राधान्य द्यावे. टायर, बॅटरी, आवरण व ब्रेक यांचा खर्च मागितलेल्या किमतीत मिळवून मगच दोन यंत्रांची तुलना करावी.