चुण्यांतील कारागिरी आणि तिचे मोल

दक्षिण बंगळूरमधील बनशंकरी ही वसाहत कनकपुरा मार्गावरील देवीच्या मंदिरामुळे ओळखली जाते. देवीचे मूळ स्थान बदामीजवळ आहे. महाराष्ट्र व कर्नाटकातील अनेक घराण्यांची, त्यांत देवांग विणकर कुटुंबांचीही, ती कुलदेवता होय. तयार कपड्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या महानगरात वस्त्रव्यवसायाशी असे जुने नाते सांगणारे नाव नांदावे, हे उचितच आहे. यंत्रांच्या या युगातही ज्या मोजक्या कामांत हाताचे कौशल्य उठून दिसते, त्यांपैकी एक म्हणजे लहान मुलींच्या फ्रॉकवर शोभणारे स्मॉकिंग.

गरजेतून जन्मलेली कला

अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडमधील शेतमजूर सैल, जाडाभरडा अंगरखा वापरीत. त्याचा घेर छातीशी व मनगटाशी आवरावा, पण हालचालीस अडथळा येऊ नये, यासाठी चुण्यांवर टाके घालण्याची पद्धत रूढ झाली. इलॅस्टिक सर्वत्र मिळू लागण्यापूर्वी कापडाला ताण देण्याचा हा एक उत्तम उपाय होता. पुढे हे अंगरखे मागे पडले. भरतकाम मात्र मुलांच्या पोशाखात टिकून राहिले.

आधी मोजमाप, मग नक्षी

स्मॉकिंगसाठी तयार रुंदीच्या साधारण तिप्पट कापड लागते. ३० सेंटीमीटरच्या योकसाठी सुमारे ९० सेंटीमीटर कापड घ्यावे लागते. कापडाच्या उलट बाजूस समान अंतरावर ठिपक्यांच्या ओळी आखून त्यांतून धावदोरे घालतात. दोरे ओढताच सारख्या चुण्या उभ्या राहतात. मग सुलट बाजूने रंगीत दोऱ्याने नक्षी भरतात आणि शेवटी धावदोरे काढून टाकतात. दांडी टाका चुण्या घट्ट धरतो, तर मधाच्या पोळ्यासारखा दिसणारा टाका कापडाला अधिक ताण देतो. ठिपक्यांची एक ओळ चुकली, तरी सर्व चुण्या तिरक्या होतात.

कष्टांचा हिशेब

शिलाई यंत्राच्या बॉबिनमध्ये इलॅस्टिकचा दोरा भरून अशाच चुण्या अल्पावधीत पाडता येतात. मात्र त्यांवर हाताची नक्षी नसते. घरी स्मॉकिंग करणाऱ्या भगिनी पुष्कळदा या यंत्रकामाच्या किमतीशी स्पर्धा करू पाहतात आणि तेथेच त्यांचे नुकसान होते. समजा, एक फ्रॉक ६५० रुपयांस विकला गेला आणि कापड-दोऱ्यासाठी १५० रुपये खर्च झाले. उरलेले ५०० रुपये नफा वाटतात. पण कामास १० तास लागले असतील, तर ती तासाला केवळ ५० रुपये मजुरी ठरते. त्यात वीज, यंत्राची झीज व प्रवासखर्च धरलेलाच नाही.

म्हणून प्रत्येक नगाच्या कामाचे तास वहीत नोंदविणे ही या व्यवसायाची पहिली पायरी होय. अशी वही कर्जमागणीच्या वेळीही उपयोगी पडते. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ पारंपरिक व्यवसायांत शिंपीकामाचा समावेश असून, पात्र कारागिरांना पहिल्या टप्प्यात १ लाख व दुसऱ्या टप्प्यात २ लाख रुपयांपर्यंतचे कर्ज ५ टक्के व्याजाने मिळू शकते. यंत्र कर्जावर घेता येईल. परंतु हाताच्या श्रमाची किंमत कारागिराने स्वतःच ठरवावयाची असते. ती ठरविताना संकोच करू नये.