शेडच्या नकाशातील शब्द आणि फॅब्रिकेटरचे बिल

ग्रील, गेट आणि शटरपासून सुरुवात केलेले आपले अनेक फॅब्रिकेटर बांधव आता गोदामांच्या व कारखान्यांच्या शेडची कामे घेऊ लागले आहेत. हात तयार असतो, हिशेबही येतो. अडते ते नकाशापाशी. एकाच शब्दाचा अर्थ मालक एक घेतो, मिस्त्री दुसरा घेतो, आणि भांडण होते ते शेड उभी राहिल्यावर, बिलाच्या वेळी. ज्या शब्दांत पैसा किंवा जोखीम अडकलेली असते, तेवढेच शब्द आम्ही येथे घेत आहोत.

खरे पाहता यातल्या पुष्कळ वस्तू आपल्याला परक्या नाहीत. कोकणातील कौलारू घर ज्याने पाहिले आहे, त्याला आढे, वासा, वळचण, पन्हळ आणि खण ठाऊक असतात. नकाशातील रिज म्हणजे आढ्याची रेघ, राफ्टर म्हणजे वासा, ईव्ह म्हणजे वळचण, गटर म्हणजे पन्हळ आणि बे म्हणजे खण. फरक एवढाच की लाकडी घरात वासे जवळजवळ असतात व त्यांवर रिपा ठोकतात. लोखंडी शेडमध्ये राफ्टर वीस-पंचवीस फुटांवर येतो आणि रिपांचे काम पर्लिन करते. भिंतीच्या पत्र्यासाठी तेच काम करणाऱ्या आडव्या मेंबरला गर्ट म्हणतात. जुन्या पद्धतीची अँगलची कैची म्हणजे ट्रस. आता मोठ्या गोदामांत कैचीऐवजी प्लेटा वेल्ड करून केलेली निमुळती फ्रेम असते, तिला पी.ई.बी. म्हणतात. या पद्धतीची परिभाषा मुख्यतः अमेरिकेतून आली. तेथील मेटल बिल्डिंग उत्पादकांची संघटना १९५६ साली स्थापन झाली. मापे कोठून कोठपर्यंत धरायची याचे तिचे संकेत आपल्याकडील नकाशांतही दिसतात.

तंटा होतो तो याच संकेतांमुळे. ‘ईव्ह हाइट २० फूट’ असे लिहिले, की मालक समजतो आत २० फूट उंच माल रचता येईल. पण ईव्ह हाइट ही बेस प्लेटच्या तळापासून वळचणीच्या पर्लिनच्या माथ्यापर्यंत मोजतात. त्यातून पर्लिनचे ८ इंच गेले, कोपऱ्यात राफ्टरची खोली २ फूट असेल तर ती गेली, आणि फरशी बेस प्लेटच्या तळापेक्षा ६ इंच वर आली तर तेही गेले. हातात उरली १६ फूट १० इंच. या उरलेल्या उंचीला क्लिअर हाइट म्हणतात. मालकाला हवी असते ती हीच. रुंदीचेही तसेच आहे. बिल्डिंगची रुंदी दोन्ही बाजूंच्या गर्टच्या बाहेरील कडांमध्ये धरतात. खांबांमधील मोकळी जागा त्याहून कमी भरते. कोटेशनवर दोन्ही मापे स्वतंत्र लिहून त्यावर मालकाची सही घेतलेली बरी.

दुसरी भानगड वजनाची. बहुतेक कामे किलोच्या दराने ठरतात, पण किलो कोणता हे ठरलेले नसते. नकाशावरून काढलेले वजन वेगळे आणि काट्यावरचे वेगळे. रोलिंगमध्ये सेक्शन थोडा हलका किंवा जड निघू शकतो. हिशेबाची किल्ली सोपी आहे: एक मिलिमीटर जाडीची एक चौरस मीटर प्लेट ७.८५ किलो भरते. म्हणजे १० मिलिमीटरची ७८.५ किलो, आणि ३०० बाय ३०० ची १६ मिलिमीटर बेस प्लेट सुमारे ११.३ किलो. ५० बाय ५० बाय ६ चा अँगल मीटरला साडेचार किलो धरतात. गसेट, म्हणजे सांध्यावरची जोडप्लेट, तिरकी कापलेली असते. तिचे वजन चौकोनी धरायचे की कापल्यावरचे? बोल्ट, वेल्डिंग व कापातली तूट दरात आली की वेगळी? हे आधी बोलावे. मापात चोख राहण्याविषयी दीनमध्ये किती ताकीद आहे ते वाचकांना सांगायला नको. पण मापच ठरलेले नसेल तर चोख माणूसही बदनाम होतो.

पत्र्याच्या बाबतीत दोनच गोष्टी. रंगीत पत्र्याची सांगितलेली जाडी कोटिंग धरून आहे की आतल्या पोलादाची, हे विचारावे; दोन्हींत फरक असतो आणि भावातही. आणि पत्रा समजा १०७० मिलिमीटर रुंद असेल व झाकत असेल १००० मिलिमीटर, तर मजुरी कोणत्या रुंदीवर? सात टक्क्यांचा प्रश्न आहे.

आता जोखमीचे शब्द. छपराचे वजन पेलायचे, एवढेच आपल्या डोक्यात असते. पण शेडचा मोठा शत्रू वारा, आणि तो छपराला खाली दाबतो त्यापेक्षा वर उपसतो जास्त. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर आणि पुण्यासाठी ३९ मीटर दिला आहे. वेगाचा वर्ग करून ०.६ ने गुणले की दाब न्यूटनमध्ये मिळतो. ४४ च्या वेगाला तो चौरस मीटरमागे सुमारे ११८ किलोइतका येतो. इमारतीची उंची, आकार व उघडी दारे पाहून इंजिनीअर त्यात कमीजास्त करतो. पण पत्र्याचे स्वतःचे वजन जेमतेम पाच किलो! ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड भागात किती छपरे उडाली ते आपल्या कोकणी वाचकांनी पाहिलेच आहे.

म्हणून नकाशात ज्या बारीक वस्तू निरुपयोगी वाटतात, त्या वगळू नयेत. ब्रेसिंग म्हणजे भिंतीत व छपरात फुलीसारखे बसवलेले रॉड किंवा अँगल. वाऱ्याचा आडवा जोर ते पायापर्यंत नेतात. शटर बसवण्यासाठी फुली कापायची झाली तर इंजिनीअरकडून दुसऱ्या खणात ती मागून घ्यावी. सॅग रॉड पर्लिनला उताराच्या दिशेने झुकू देत नाही. फ्लँज ब्रेस हा पर्लिनपासून राफ्टरच्या खालच्या पट्टीपर्यंत जाणारा छोटा अँगल. वारा छप्पर उपसतो तेव्हा खालची पट्टी दाबली जाऊन बाजूला वळू पाहते, तिला हा धरून ठेवतो. झेड पर्लिन राफ्टरवर एकमेकींत बसवून पुढे वाढवतात, त्या वाढीला लॅप म्हणतात. लोखंड वाचवण्यासाठी लॅप आखूड केला, तर जेथे जोर सर्वांत जास्त तेथेच पर्लिन कमजोर होते.

अँकर बोल्ट मात्र बहुधा आपल्या हातात नसतात, काँक्रीटवाला ते पुरतो. ते चुकीच्या जागी आले की मिस्त्री बेस प्लेटला गॅसने भोक मोठे करतो किंवा बोल्ट वाकवतो. तसे न करता, काँक्रीट ओतण्यापूर्वी प्लायवुडचा साचा आपणच करून द्यावा, आणि खांब चढवण्याआधी बोल्टांची मापे घेऊन ती मालकाला लेखी कळवावीत. त्या दिवशीचे क्रेनचे भाडे कोणी द्यायचे, हा वाद मग उरत नाही.