पानाची मांडणी व रकाने

लेख कितीही सुरस असो, तो ज्या पानावर उतरतो त्या पानाची मांडणी नीट नसेल तर वाचक लवकरच कंटाळतो. हल्लीं पुष्कळ विद्यार्थी आपले निबंध संगणकावर लिहितात. परंतु पान कसें मांडावें हें त्यांस क्वचितच कोणी सांगतो. यास्तव या विषयाची थोडी फोड येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम प्रश्न असा कीं, पानाचे रकाने करावयाचे तरी कशासाठीं? केवळ शोभेसाठीं नव्हे, तर डोळ्यांच्या सोयीसाठीं. एक ओळ संपली म्हणजे दृष्टीस डावीकडे परत येऊन पुढची ओळ शोधावी लागते. ओळ फार लांब असली तर दृष्टि चुकते; तीच ओळ पुन्हां वाचली जाते किंवा एखादी गळते. उलट ती फार आंखूड असली तर वाक्य पदोपदीं तुटतें. म्हणून रुंद पानावर बारीक अक्षर छापावयाचें असल्यास त्याचे दोन किंवा तीन उभे भाग करितात. हेच रकाने होत.

ही युक्ति संगणकाहून फार जुनी आहे. जर्मनींतील माइन्झ शहरीं योहान गुटेनबर्ग यानें सुमारें १४५५ सालीं सुट्या खिळ्यांनीं बायबल छापिलें, तें दोन रकान्यांत होतें. आरंभींच्या पानांवर प्रत्येक रकान्यांत ४० ओळी होत्या. पुढें त्या ४१ व नंतर ४२ केल्या, आणि त्यामुळें कागदाची बचत झाली. आपल्याकडे बाळशास्त्री जांभेकर यांनीं ६ जानेवारी १८३२ रोजीं मुंबईस 'दर्पण' पत्र सुरू केलें. त्यांत एका रकान्यांत मराठी व शेजारच्या रकान्यांत इंग्रजी मजकूर असे. दोन भाषांचे वाचक अशा रीतीनें एकाच पानावर शेजारी बसले.

खिळे जुळविण्यापूर्वीं जुळाऱ्यास रकान्याची रुंदी ठरवावी लागे. संगणकावरही आधीं हिशेब करावा. ए-४ कागद २१० मिलिमीटर रुंद असतो. दोहों बाजूंस २५ मिलिमीटरांचा समास सोडला तर १६० मिलिमीटर उरतात. दोन रकान्यांमध्यें १० मिलिमीटरांची मोकळी पट्टी ठेविली म्हणजे प्रत्येक रकाना ७५ मिलिमीटर रुंद होतो. तीन रकाने करून मध्यें आठ आठ मिलिमीटर सोडल्यास प्रत्येकास अवघे ४८ मिलिमीटर मिळतात. मराठी शब्द प्रत्यय लागून लांब होतात. 'विद्यार्थ्यांच्यासाठीं' हा एकच शब्द पाहा. अशा अरुंद रकान्यांत ओळीचीं दोन्ही टोकें सारखीं करूं गेल्यास शब्दांमध्यें मोठीं भगदाडें पडतात. तेथें फक्त डावी कड सरळ ठेवून उजवी मोकळी सोडावी. आपल्या लिपींत मात्रा वर व उकार खालीं येतात, म्हणून दोन ओळींमध्येंही पुरेशी जागा असावी.

आतां कृति. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्यें 'लेआउट' या भागांत 'कॉलम्स' असा पर्याय आहे. लिबरऑफिस रायटरमध्यें तो 'फॉरमॅट' या यादींत सांपडतो. मथळा पानभर व मजकूर दोन रकान्यांत हवा असेल तर मथळा वगळून केवळ मजकूर निवडावा आणि मग रकाने मागावे. असें केल्यास वर्ड स्वतःच निवडलेल्या मजकुराच्या आधीं व नंतर विभागाची खूण घालतो. एखादा परिच्छेद पुढील रकान्याच्या माथ्यावर न्यावयाचा असेल तर कंट्रोल, शिफ्ट व एंटर या तीन कळा एकदम दाबाव्या. लेख संपतांना एक रकाना लांब व दुसरा तोकडा राहिला, तर वर्डमध्यें शेवटीं 'ब्रेक्स' या यादींतील 'कंटिन्युअस' खूण घालावी. दोन्ही समान होतात.

येथें एक गोष्ट आग्रहानें सांगावीशी वाटते. कित्येक मुलें स्पेसबार दाबून दाबून मजकूर उजवीकडे सरकवितात व रकान्याचा भास निर्माण करितात. आपल्या पडद्यावर तें साजरें दिसतें. परंतु तीच फाईल दुसऱ्या संगणकावर गेली, तेथें तो फॉन्ट नसला, किंवा मध्यें एक शब्द वाढविला, कीं सर्व ओळी विस्कटतात. तें वाळूवर बांधलेलें घर होय. याहून मोठी हानि दृष्टिहीन वाचकाची होते. पडद्यावरील मजकूर मोठ्यानें वाचून दाखविणारे प्रोग्रॅम त्याच्या उपयोगास येतात. रकाने रीतसर केलेले असतील तर असा प्रोग्रॅम पहिला रकाना संपवून दुसऱ्याकडे वळतो. ते स्पेस देऊन केलेले असतील, तर डाव्या रकान्याची ओळ व उजव्याची ओळ एका दमांत वाचली जाते, आणि ऐकणाऱ्यास अर्थाचा बोधच होत नाहीं. ज्या लबाडीचा डोळसास पत्ता लागत नाहीं, तिचा भुर्दंड अंधास पडतो.

विद्यार्थिमित्रांनो, पान मांडतांना आपला वाचक डोळ्यांपुढें आणा. तो आजोबांसारखा चष्मा लावणारा असेल, अक्षर जोडून वाचणारा धाकटा भाऊ असेल, किंवा केवळ कानांनीं वाचणारा कोणी असेल. पालकांसही आमची विनंती आहे कीं, मुलांनें लिहिलेलें पान एकवार स्वतः वाचून पाहावें आणि दृष्टि कोठें अडखळली तें त्यास प्रेमानें सांगावें. समास, रकाना व ओळ यांची काळजी घेणें म्हणजे परक्याच्या वेळेचा व श्रमाचा मान राखणें होय. आणि हा धडा संगणकाच्या तासापुरताच आहे असें आम्हांस वाटत नाहीं.