'फाळणी' या शब्दाविषयी

आकस्मिक परिवर्तनाचे चित्रण करणाऱ्या वाङ्मयाची चर्चा करताना, घटना आणि तिची जाणीव या दोन गोष्टी एकाच क्षणी घडल्या असे आपण बहुधा गृहीत धरतो. वस्तुतः त्या दोहोंमध्ये कधी काही दिवसांचे, तर कधी काही वर्षांचे अंतर असते, आणि माणसांना त्या अंतरातच जगावयाचे असते. ही गोष्ट माझ्या ध्यानात आली ती कोणत्याही ग्रंथावरून नव्हे, तर स्वतःच्याच अनुवादातील एका चुकीवरून.

काही वर्षांपूर्वी येथे चंडीगढमध्ये मी एका पंजाबी कथेचा मराठी अनुवाद करीत होतो. कथेतील शेतकरी स्त्री 1947 सालाचा उल्लेख 'रौले' असा करते. रौला म्हणजे गलका, आरडाओरडा. पंजाबच्या खेड्यांतील जुनी माणसे त्या काळाला 'रौले' किंवा 'उजाडा' म्हणत आली आहेत. मी निःशंकपणे 'फाळणी' असे लिहिले. आमच्या शेजारच्या वृद्ध बीजी शकरगढ तहसिलीतून त्या साली इकडे आलेल्या. त्यांनी सहज त्या मराठी शब्दाचा अर्थ विचारला. जमिनीचे मोजून हिस्से पाडणे, असे मी सांगताच त्या म्हणाल्या, "पुत्तर, मोजताना कोणी पाहिले होते? आम्ही तर म्हशीपुढे चार दिवसांची वैरण टाकून निघालो होतो."

हा आक्षेप केवळ शब्दापुरता नव्हता. 'फाळणी' हा शब्द नकाशा समोर ठेवणाराचा, झालेली गोष्ट वरून पाहणाराचा आहे. 'रौला' हा गोष्टीच्या आत सापडलेल्या आणि काय चालले आहे हे अद्याप न उमगलेल्या माणसाचा शब्द आहे. त्याच्यापाशी त्या वेळी फक्त कान उरलेला असतो. शकरगढ ही गुरदासपूर जिल्ह्याची तहसील. स्वातंत्र्य 15 ऑगस्टला आले; रॅडक्लिफ यांचा निवाडा प्रसिद्ध झाला 17 ऑगस्टला. जिल्ह्याच्या इतर तीन तहसिली भारतात राहिल्या, शकरगढ पाकिस्तानात गेली. मधल्या दोन दिवसांत आपण कोणत्या देशात उभे आहोत हे तेथील माणसाला कोण सांगणार होते? म्हशीपुढे टाकलेली ती वैरण भाबडेपणाची म्हणता येणार नाही. माणूस नव्या वास्तवात प्रथम वागतो तो जुन्या वास्तवाच्याच हिशेबाने, आणि त्या हिशेबाने ती वैरण अगदी बरोबर होती.

सआदत हसन मंटो 1948 च्या जानेवारीत मुंबई सोडून लाहोरला गेले. 1955 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'टोबा टेकसिंह' या त्यांच्या कथेत निवेदक आरंभीच 'बटवारा' हा शब्द वापरतो. (मराठीत त्याला भावाभावांमधील 'वाटणी' अधिक जवळची.) परंतु इस्पितळातील वेड्यांना हा शब्द उपलब्ध नाही. त्यांची अडचण तर्काची आहे: आपण जागचे हललो नाही, तर देश कसा बदलला? या कथेकडे राजकारण्यांच्या वेडेपणावरील उपहास म्हणून पाहण्याची रूढी आहे. ती चूक नव्हे, पण तेवढ्यावर थांबणे म्हणजे कथेचा गाभा सोडून देणे होय. शहाण्यांनी गिळून टाकलेला प्रश्न येथे वेडे उघडपणे विचारतात. बिशनसिंहाला देशांशी कर्तव्य नाही. त्याला आपले गाव कोठे आहे एवढेच हवे आहे, आणि तो अखेर कोसळतो तो ज्या जमिनीला नाव नाही अशा पट्ट्यावर.

नावे नसलेल्या जागेचे दुसरे उदाहरण म्हणजे हे शहरच. लाहोर गेल्यामुळे राजधानी गमावलेल्या पंजाबचा कारभार काही काळ सिमल्याहून चालला, आणि 1953 मध्ये तो येथे आला. ल कॉर्बुझिए यांच्या आराखड्यात वस्त्यांना नावे नव्हती, सेक्टरांचे आकडे होते. त्यांतही 13 हा अशुभ आकडा वगळलेला! या नव्या, निर्विकार शहरासाठी जी खेडी पाडली गेली त्यांतील लोकांच्या वाट्याला आलेला तो दुसरा रौलाच म्हटला पाहिजे. त्या खेड्यांच्या मलब्यातून फुटक्या बांगड्या, कपबश्या आणि कौले गोळा करणारे रस्ते-निरीक्षक नेकचंद हेही मूळचे शकरगढ तहसिलीतीलच. 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून, बांधकामास मनाई असलेल्या जागेत त्यांनी गुपचूप जे उभारले तेच 1976 मध्ये रॉक गार्डन म्हणून लोकांना खुले झाले. त्यांनी आपले हरवलेले गाव तेथे पुन्हा वसविले नाही, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. गोष्टींतल्यासारखे एक राज्य त्यांनी मांडले. जे घडले त्याला नाव देण्याच्या फंदात न पडता, त्याचे तुकडे हाताळीत राहण्याचा तो मार्ग होता.

अनुवादकाला मात्र नाव द्यावेच लागते. येथून दिल्लीला जाताना वाटेत पानिपत लागते. 1761 च्या त्या संहाराला मराठीने 'भाऊगर्दी' म्हटले. तेथील 'गर्दी' म्हणजे दाणादाण, अनर्थ, थेट 'रौला'च. पण आजच्या वाचकाला त्या शब्दात केवळ जमाव दिसतो. बखरीतील 'धामधूम' लग्नघरात जाऊन बसली आहे. शेवटी मी 'त्या गलबल्यात' असे लिहिले. मुद्रिते तपासताना संपादकांनी समासात प्रश्न केला, "गलबला कसला? तळटीप द्यावी." कथेतील बाईलाही तोच प्रश्न पडलेला आहे, असे कळवून मी तळटीप दिली नाही.